चोराने माल आमच्याच बाकावर पॅक केला

शुक्रवारी, १२ सप्टेंबर २०२५ ला, ऑफिसातून निघताना मी टेबलावरच्या पॅडवर लिहून ठेवलं होतं: 'डी ड्राइव्ह ५.४ जीबी शिल्लक. रविवारी साफसफाई.' या एका ओळीमुळे आमच्या कॉम्प्युटरवरून फायली चोरीला गेल्याचं कळलं. नाहीतर आजही आम्हाला पत्ता नसता.

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचं लहानसं टूलरूम आहे, म्हणजे कारखान्यांना लागणारे साचे आणि अवजारं बनवायचं वर्कशॉप. प्रेस टूल, जिग-फिक्श्चर आणि थोडं सीएनसी जॉबवर्क. अण्णा, म्हणजे माझे वडील, शॉपवर असतात. मी ऑफिस बघते, म्हणजे बिलं, जीएसटी, कोटेशन आणि 'ताई, प्रिंटर चालत नाही' हे खातंही. गिऱ्हाइकांची ड्रॉइंग्ज एकाच कॉम्प्युटरवर ठेवतो, त्याला आम्ही मोठ्या तोऱ्यात सर्व्हर म्हणतो. आमची साप्ताहिक सुट्टी शनिवारची असते.

रविवारी १४ तारखेला सव्वानऊला आले तेव्हा मशीन बंद होतं. शनिवारी पहाटे लाइट गेली होती म्हणे, आणि यूपीएसची बॅटरी तशीही मरायला टेकलेली. मशीन चालू केलं, डी ड्राइव्ह बघितला तर ३.३ जीबी. शनिवारी कारखाना बंद, मग दोन जीबी खाल्ले कोणी?

शोधता शोधता एका लपवलेल्या फोल्डरात पाच फायली सापडल्या. नाव विंडोजच्या अपडेटच्या नोंदीसारखं, शेवटी ००७, ००८ असं ०११ पर्यंत. पहिल्या चारांचा आकार बरोबर ५,१२,००० केबी, एकाचाही जास्त नाही, कमी नाही. शेवटची तेवढी लहान. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण इतकी वर्षं इन्स्पेक्शन रिपोर्ट बघतेय. चार पीस हुबेहूब एका मापाचे असले तर ते कोणीतरी माप लावून कापलेले असतात.

आता चूक कबूल करते. मी त्यातली ००९ डिलीट केली. जागा हवी होती ना! मग मनात पाल चुकचुकली, रिसायकल बिनमधून परत आणली आणि आमच्या आयटीवाल्या मुलाला फोन लावला. तो नाशिकरोडला राहतो, वयाने लहान आहे पण मला ओरडायला कमी करत नाही.

"ताई, कशालाही हात लावू नका. मशीन बंदही करू नका. फक्त नेटची वायर उपटा."

वायर काढली तेव्हा ९.४० झाले होते. ही वेळ मी पॅडवर लिहिली. तुमच्यावर अशी वेळ आली तर पहिलं काम हेच करा. वही घ्या, घड्याळ बघा, लिहा. पुढे किमान चार ठिकाणी ही वेळ विचारतात आणि दर वेळी तीच सांगता आली पाहिजे.

तो अकराला पोचला. तासाभरात त्याने जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते. चोर दुकानात शिरला की एकेक वस्तू हातात धरून बाहेर नेत नाही. आधी एका कोपऱ्यात सगळं गोळा करतो, खोक्यात दाबून भरतो, खोक्याला स्वतःचं कुलूप लावतो, आणि मग एकेक खोकं बाहेर काढतो. दाबून भरायचं कारण वजन कमी व्हावं. कुलूप लावायचं कारण वाटेत कोणी डोकावलं तरी आत काय आहे ते कळू नये. मोठ्या कंपन्यांत बाहेर जाणाऱ्या डेटात पॅन नंबर किंवा 'गोपनीय' असे शब्द शोधणारी यंत्रणा असते, ती कुलूपबंद खोक्यापुढे आंधळी होते. आणि सारख्या मापाचे तुकडे करायचे म्हणजे मध्येच तार तुटली तर तेवढा एकच तुकडा पुन्हा पाठवायचा. ही काही नवी कला नाही. २०१३ साली मँडियंट या अमेरिकी कंपनीने एका चिनी हेरगटावर अहवाल काढला होता, त्यातले चोरही माल पासवर्ड लावलेल्या आरएआर (झिपसारख्याच दाबून भरलेल्या) फायलींत भरून नेत होते. हल्ल्यांच्या पद्धतींची मायटर या संस्थेची जी यादी आहे, तिच्यात या प्रकाराला टी-१५६० असा क्रमांकसुद्धा आहे. आपल्यावर आलेल्या संकटाला आधीच नंबर मिळालेला असतो हे बघून मला उगीचच बरं वाटलं.

आणि खोकं कुठून आणलं? आमच्याच घरातून. २०१६ पासून त्या मशीनवर सेव्हन-झिप, म्हणजे फायली दाबून एका पेटीत भरायचं सॉफ्टवेअर, पडून होतं, ते वापरलं. त्यामुळे अँटिव्हायरस गप्प. घरच्या माणसाने घरची पेटी उघडली तर कुत्रं कशाला भुंकेल?

आत कसा आला तेही लगेच दिसलं, आणि तिथे मान खाली घालावी लागली. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये अकाउंट्सचं सॉफ्टवेअर बघणाऱ्या माणसाने घरून काम करता यावं म्हणून राउटरवर रिमोट डेस्कटॉपचं दार उघडून घेतलं होतं. लॉकडाऊन संपला, तो माणूसही बदलला, दार तसंच राहिलं. पासवर्ड काय होता ते लिहीत नाही. कारखान्याचं नाव ज्याला माहीत आहे त्याला तो पाचव्या प्रयत्नात सुचला असता.

पहिली धावपळ सर्ट-इनची, म्हणजे सायबर घटनांची दखल घेणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेची. २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. मला वाटायचं हे बँकांसाठी असेल. आयटीवाला म्हणाला, लहान-मोठं बघत नाहीत, कळवून टाका. फॉर्म त्यांच्या संकेतस्थळावर आहे, टोल फ्री नंबर १८००-११-४९४९. फॉर्म बघून घाबरू नका. सगळे रकाने भरता येणार नाहीत आणि तशी अपेक्षाही नसते. हाताशी आहे तेवढं द्यायचं, बाकीचं नंतर पाठवायचं. 'चोरीला गेलेल्या माहितीचं स्वरूप' यापुढे मी लिहिलं, 'तपासत आहोत'. दुपारी ३.१० ला पाठवलं, म्हणजे मुदतीच्या अर्धा तास आधी.

रात्री घरून राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार टाकली. १९३० हा नंबर पैसे गेल्यावर लगेच लावायचा असतो. आमचे पैसे गेले नव्हते, म्हणून पोर्टलवर 'इतर सायबर गुन्हे' हा प्रकार निवडला. पावती क्रमांक येतो, त्याचा स्क्रीनशॉट नको, प्रिंटच काढून ठेवा.

सोमवारी १५ तारखेला शहर सायबर पोलीस ठाण्यात गेले. तिथे दीडेक तास बसले, कारण माझ्या आधी एक आजोबा होते, त्यांचे निवृत्तीचे पैसे गेले होते. त्यांच्याकडे बघून मला माझी तक्रार सांगायची लाज वाटायला लागली.

अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पहिलाच प्रश्न विचारला. "मॅडम, चोरीला नेमकं काय गेलं?"

"ड्रॉइंग्ज असावीत."

"असावीत? मग आता तुमच्याकडे नाहीत का?"

"आहेत ना. सगळी जागेवर आहेत."

बोलताना मलाच ते किती विचित्र वाटतंय ते कळलं. चोरी झालीय, पण वस्तू जागच्या जागी आहेत. जे नेलं त्याला कुलूप आहे, आणि किल्ली चोराकडे. काय गेलं याची यादी द्या म्हणाले, तर यादी खोक्याच्या आत. सेव्हन-झिपमध्ये फायलींची नावंसुद्धा झाकायची सोय असते, ती त्याने वापरली होती.

मंगळवार मी याच एका प्रश्नावर घालवला, म्हणून त्यावर जरा जास्त लिहिते.

आयटीवाल्याने आधी डिस्कची बिटन्बिट नक्कल घेतली आणि पुढचं सगळं त्या नकलेवर केलं. नकलेला दोन हार्ड डिस्क लागल्या. पितृपक्ष चालू होता. अण्णा पितृपक्षात साधा ड्रिल बिटही विकत घेत नाहीत. "सर्वपित्री झाली की घेऊ," म्हणाले. मी म्हटलं, "अण्णा, चोराने पंचांग बघितलं नाही." गप्प बसले आणि पैसे दिले.

विंडोज डिस्कवरच्या फायलींच्या हालचालींची एक रोजनिशी ठेवतं. कुठली फाइल कधी जन्मली, कधी पुसली, नावासकट. त्यात ००१ ते ००६ सापडल्या. अकराही तुकडे शनिवारी मध्यरात्रीनंतर १.१२ ते १.५८ या वेळात बनले होते. मग ००१ पुसली गेली २.४० ला, ००२ पुसली ३.१५ ला, ००३ पुसली ३.५० ला. दर पस्तीस मिनिटांनी एक, एसटी सुटावी तशी. तुकडा बाहेर पोचला की इथला पुसायचा, असं चाललं होतं. आमची लाइन ५० एमबीपीएसची आहे, तिच्यावर हे काम काही मिनिटांचं. पण पस्तीस मिनिटांना ५०० एमबी म्हणजे २ एमबीपीएस. त्याने मुद्दाम धार बारीक ठेवली होती. नळ सोडला तर पाण्याचा आवाज होतो, ठिबक लावली तर कोणाचं लक्ष जात नाही. दिंडोरीकडच्या द्राक्षवाल्यांना हे मी सांगायला नको.

००६ पुसली ५.३५ ला. ००७ अर्धी गेली असताना पहाटे ५.५० ला लाइट गेली. ज्या यूपीएसला मी वर्षभर शिव्या घालत होते, त्याने साथ सोडली म्हणून बाकीचे पाच तुकडे आमच्याकडे राहिले. कोणता प्रोग्रॅम नेटवरून किती डेटा पाठवतो याचाही हिशोब विंडोज महिनाभर तरी ठेवतं. त्यात बॅकअपसाठी लोक वापरतात तसल्या एका फुकट प्रोग्रॅमच्या नावावर ३.१ जीबी होते. माल एका नेहमीच्या क्लाउड साठवणीवर गेला होता, त्यामुळे राउटरलाही वावगं वाटलं नाही.

किती गेलं ते कळलं. काय गेलं ते कसं कळणार?

ही युक्ती आयटीवाल्याची, पण सुचली अण्णांच्या बोलण्यावरून. अण्णा म्हणाले, "पेटी उघडत नसेल तर वजन करून बघा." आणि खरंच तेच केलं. अकरा तुकड्यांचं एकूण वजन ५,१८० एमबी. कुलपाने वजन जवळपास वाढतच नाही, एनक्रिप्शनने फार तर काही बाइट्सची भर पडते. म्हणून आम्ही तेच सेव्हन-झिप घेऊन आमचे फोल्डर एकेक करून स्वतः दाबून बघितले. यात एक गंमत कळली. गिऱ्हाइकाकडून येणाऱ्या स्टेप फायली, म्हणजे जॉबची थ्रीडी ड्रॉइंग्ज, आतून साधा मजकूर असतात, आकड्यांच्या ओळीच्या ओळी, त्या दाबल्या की चोथा होतात. मोबाइलवर काढलेले जॉबचे फोटो आधीच दाबलेले असतात, ते ढिम्म हलत नाहीत. म्हणजे प्रत्येक फोल्डर आपापल्या स्वभावाप्रमाणे आकसतो. ड्रॉइंग्ज आणि कोटेशन हे दोन फोल्डर मिळून १४ जीबी, दाबल्यावर ५,१७१ एमबी. अकाउंट्स घातलं की सहा हजारांच्या वर. फक्त ड्रॉइंग्ज घेतली की साडेचार हजारांच्या आसपास. अगदी काट्यावर नाही, पण एवढं जवळ दुसरं काहीच येईना. रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि आम्ही तिघं स्क्रीनकडे बघत होतो. काय गेलं ते कळल्याचा आनंद व्हावा की दुःख, काही समजेना.

आणखी एक गोष्ट त्याच रात्री निघाली. सेव्हन-झिपच्या पेटीत काय कुठे ठेवलंय याची अनुक्रमणिका सुरुवातीला नसते, शेवटी असते. म्हणजे ती ०११ मध्ये होती, आणि ०११ आमच्याकडे. आयटीवाल्याने हेक्स व्ह्यूअरमध्ये, म्हणजे फाइल आतून कच्च्या आकड्यांत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, त्या फाइलची शेपटी उघडून दाखवली. सगळा आकड्यांचा गोंगाट, आणि त्यात ०६ एफ१ ०७ ०१ अशा चार जोड्या. सेव्हन-झिपच्या एईएस कुलपाची (एईएस ही एनक्रिप्शनची पद्धत) ती खूण. कुलपाच्या मेकचा शिक्का म्हणा.

"म्हणजे शेपटी नसलेली पेटी चोराला उघडता येणार नाही?" मी विचारलं.

"सहज नाही. पण पासवर्ड त्याचाच आहे ताई. चिकाटीने बसला तर अर्धवट काही काढू शकेल. कोणालाही 'काही गेलं नाही' असं लिहू नका."

मी तसं लिहिणारच होते.

बुधवारी १७ तारखेला पुन्हा पोलीस ठाण्यात, या वेळी चार पानी टिपण घेऊन. हे कागद लागले: आमचं भागीदारीपत्र, उद्यम नोंदणी, माझं ओळखपत्र, आणि फर्मच्या वतीने मी तक्रार देते असं अण्णांनी लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी दिलेलं अधिकारपत्र. ते नव्हतं म्हणून मला एक फेरी पडली, तुम्ही आधीच करून न्या. शिवाय कॉम्प्युटरवरून काढलेल्या प्रत्येक गोष्टीसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र. त्याचे दोन भाग आहेत. भाग अ यंत्र ज्याच्या ताब्यात आहे तो देतो, भाग ब तज्ज्ञ देतो. दोन्हींत हॅश लिहायचा असतो. हॅश म्हणजे फाइलच्या बोटाचा ठसा. एसएचए-२५६ चा ठसा ६४ अक्षरांचा येतो, फाइलमध्ये एक स्वल्पविराम बदलला तरी पूर्ण वेगळा. मी पाच फायलींचे पाच ठसे आधी हाताने उतरवले, तिसऱ्यात एक अक्षर चुकलं, आणि सगळं प्रमाणपत्र पुन्हा. कॉपी-पेस्ट करा, हातावर विश्वास ठेवू नका. ००९ मी डिलीट करून परत आणली होती, तेही जबाबात सांगितलं. लपवलं असतं तर रोजनिशीत दिसलंच असतं.

शुक्रवारी १९ तारखेला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ सह ६६ खाली गुन्हा नोंदला गेला. या कायद्याखालचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यावरचा अधिकारीच करतो, त्यामुळे निरीक्षकांची वेळ मिळेपर्यंत थांबायची तयारी ठेवा. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते.

शनिवारी २० ला पंचनामा. सुट्टीच्या दिवशी एमआयडीसीत पंच कुठून आणायचे? एक शेजारच्या पावडर कोटिंगवाले काका, दुसरे कोपऱ्यावरचे चहावाले. चहावाल्यांना हार्ड डिस्क म्हणजे काय हे काकांनी आपल्या परीने समजावलं. पोलिसांनी सगळ्याचं मोबाइलवर चित्रीकरण केलं, नव्या कायद्यात ते करावंच लागतं. मूळ डिस्क पाकिटात गेली, लेबलवर आमच्या सह्या, वर सील. डिस्क मुद्देमाल म्हणून जाणार हे धरूनच चाला. नक्कल आधी काढली नसती तर सोमवारी मशीनवर काय चढवायचं हा प्रश्न होता.

गिऱ्हाइकांना सांगण्याचं काम मी आधीच, सोमवारी १५ तारखेला केलं होतं, पोलीस ठाण्याच्या बाहेर गाडीत बसून. गोपनीयतेचा करार आहे तिथे लपवून चालत नाही. दोघांनी 'बरं, कळवत राहा' म्हटलं. तिसऱ्याने, जो आमचा सगळ्यात मोठा, नवीन चौकशा पाठवणं थांबवलं आणि एक फॉर्म धाडला. उघडून बघते तर ८डी! जॉबमधलं भोक मापापेक्षा मोठं गेलं की दोषाचा जो अहवाल भरून देतो तोच. 'दोषाचं मूळ कारण', 'तात्पुरती उपाययोजना', 'असे आणखी किती पीस साठ्यात आहेत'. मला आधी हसू आलं. मग बसून खरंच भरला, कारण पाच वेळा 'का' विचारल्यावर पाचव्या 'का'ला उत्तर आलं, '२०२० मध्ये उघडलेलं दार बंद करण्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती'. २९ सप्टेंबरला पाठवला. त्यांच्या पुढच्या चौकशीला नोव्हेंबर उजाडला.

खर्चाचं विचारतात सगळे, म्हणून लिहिते. दोन हार्ड डिस्क ११,६००, आयटीवाल्याचे १५,०००, भाग ब साठी पुण्याच्या तज्ज्ञाचे ६,०००, फायरवॉल २८,५००. एकूण ६१,१०० रुपये. पोलिसात आणि सर्ट-इनला एक रुपया लागला नाही. दोन महिने बुडालेलं काम यात धरलेलं नाही, ते धरायला बसले तर झोप येत नाही.

बदललं काय? राउटरवरचं ते दार बंद, बाहेरून यायचं तर व्हीपीएन (नेटवरचा कुलूपबंद खासगी रस्ता) आणि मोबाइलवरचा कोड. विंडोजच्या सुरक्षा नोंदींची, म्हणजे कोण कधी आत आलं किंवा यायचा प्रयत्न केला त्या नोंदींची, मर्यादा वाढवली. आधी ती २० एमबी होती आणि बाहेरून पासवर्ड चाचपडणाऱ्यांच्या फसलेल्या प्रयत्नांनीच ती भरून जुन्या नोंदी पुसल्या जात होत्या. आमच्याकडे जेमतेम तीन दिवसांच्या उरल्या होत्या, सर्ट-इनचे निर्देश १८० दिवस ठेवायला सांगतात. कोणता प्रोग्रॅम काय हुकूम देऊन चालवला याची नोंदही आता सुरू आहे. ती आधी असती तर चोराने सेव्हन-झिपला हुकुमातच दिलेला पासवर्ड तिथे लिहिलेला मिळाला असता कदाचित. फायरवॉल रोज सकाळी बाहेर गेलेल्या डेटाचा आकडा मेल करतो. यूपीएसची बॅटरीही बदलली, जरा जड मनाने. आयटीवाल्याला भीती होती की माल नेऊन झाल्यावर उरलेल्या फायलींनाही कुलूप घालून खंडणी मागायचा बेत असेल. २०१९ च्या अखेरीस मेझ नावाच्या टोळीने ही दुहेरी पद्धत चालू केल्यापासून बहुतेक जण तेच करतात म्हणे. आमच्याकडे अजून तसा मेल आला नाही. पहिले दोन महिने मी रोज स्पॅमसुद्धा उघडून बघायचे.

तपास चालू आहे. क्लाउड कंपनीला पत्र गेलंय, लॉगिन परदेशातल्या पत्त्यांवरून झालं होतं, एवढं मला माहीत आहे. डिस्क अजून मुद्देमालात.

नोव्हेंबरमध्ये त्या मोठ्या गिऱ्हाइकाचं पहिलं नवं ड्रॉइंग आलं. मेलला जोडलेली एक झिप फाइल, उघडायला गेले तर पासवर्ड मागितला. पाठोपाठ त्यांच्या खरेदी विभागातून फोन. मी पॅडवर एकेक अक्षर लिहून घेत होते, अण्णा खांद्यावरून बघत होते.

"ही तीच पेटी ना गं?" त्यांनी विचारलं.

"तीच," म्हटलं. "या वेळी किल्ली आपल्याला सांगितलीय."

ड्रॉइंग उघडलं. अण्णांनी चष्मा वर केला आणि टॉलरन्स वाचायला घेतला.